दारापासून अकरा पावलं

आधीच सांगतो, मला सजवून लिहिता येत नाही. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. त्यानंतर निम्मं आयुष्य दलदलीत गेलं, निम्मं लंडनमध्ये दुसऱ्यांच्या इमारतींचे पाये खणण्यात. पण खणणं म्हणजे काय, ते मला कळतं. म्हणून ही गोष्ट मीच लिहायला हवी.

भुतं फक्त दारुड्यांना दिसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबावं. सबीनानं उभ्या जन्मात दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता.

सबीना गेव्हिन, माझ्या आईची आत्या. तिनं मला हे तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा दिवसाउजेडी, चुलीकडे तोंड करून. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

तारीख १ मे १९१७. मंगळवार. सकाळचे सव्वासहा.

मेयो जिल्हा, कॉरानूर गाव, दलदलीला लागून असलेलं शेवटचं घर.

मी हे त्याच घरात बसून लिहितोय.

त्या सकाळी सबीना सतरा वर्षांची होती. बाप, ऑस्टिन, खुब्याचं हाड धरल्यामुळे आतल्या खोलीत पडून. आई, हनोरा, पहाटेच गुरं घेऊन डोंगरावर गेलेली. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे गुरं वरच्या कुरणात नेतात.

आणि त्याच दिवशी आणखी एक गोष्ट पाळतात. घरातून विस्तव बाहेर जाऊ द्यायचा नाही. दूध नाही, मीठ नाही, आणि विस्तव तर मुळीच नाही. मे महिन्याच्या पहिल्या सकाळी जो तुमच्या चुलीतला निखारा नेतो, तो तुमचं वर्षाचं नशीब घेऊन जातो.

हनोरा ह्या बाबतीत दगडासारखी कठोर होती. कारण दोन वर्षांपूर्वी ती चुकली होती. १९१५ च्या त्या सकाळी एक भटकी बाई दारात आली, कडेवर तान्हं पोर, आणि हनोराला दया आली. तिनं चिमट्यात धरून एक निखारा दिला.

त्याच आठवड्यात तिचा धाकटा मुलगा फेस्टी इंग्रजांच्या पलटणीत भरती झाला.

एकोणीस वर्षांचा होता. बारा एकर जमीन, त्यातली सात एकर लव्हाळं. तीही थोरल्याच्या नावावर, आणि थोरला अमेरिकेत. धाकट्यानं काय करायचं? जत्रेत लाल तोंडाचा सार्जंट आला, बँड वाजला, फादरनी वेदीवरून भाषण केलं. गावातल्या झाडून सगळ्यांनी फेस्टीच्या पाठीवर थाप मारली. बार्टली जॉइस नावाच्या शेजाऱ्यानं तर स्वतःच्या गाडीत बसवून त्याला स्टेशनवर सोडलं.

वर्षभरानं डब्लिनमध्ये बंड झालं. इंग्रजांनी पोरं भिंतीला लावून मारली. आणि वारं फिरलं.

वारं फिरलं ते बरोबरच फिरलं, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण ज्या हातांनी थापा मारल्या होत्या त्याच हातांनी लोक आता गेव्हिनांच्या दाराकडे बोटं दाखवायला लागले. राजाचा कोट घालणाऱ्याचं घर. पोस्टमन सोडला तर कोणी उंबऱ्याशी येईना. ह्याला मी देशप्रेम म्हणत नाही. ह्याला मी भित्रेपणा म्हणतो.

त्या वर्षी सरपण कापायची वेळ आली. आमचं सरपण म्हणजे दलदलीतली काळी माती. ओली असताना विटांसारखी कापायची, वाळवायची, वर्षभर जाळायची. ते एकट्यादुकट्याचं काम नाही. एक कापतो, एक झेलतो, एक पसरतो. म्हणून सगळं गाव इर्जिक करतं, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे.

गेव्हिनांच्या इर्जिकीला कोणीच आलं नाही.

हनोरा स्वतः बार्टलीकडे विचारायला गेली. तो दारात उभा राहून, पोरं ऐकतील अशा आवाजात म्हणाला, "तुमचं सरपण कापायला राजालाच बोलवा की."

घरी आल्यावर हनोरानं फक्त एवढंच सांगितलं की फेस्टीनं पत्रात मे महिन्यात रजेवर येतो असं लिहिलंय, तो कापील. फेस्टीचं फावडं आढ्याला टांगलेलं होतं. अरुंद पात्याचं, डाव्या बाजूला पंखासारखं आडवं पातं असलेलं. सगळ्या गावाची फावडी उजव्या पायाची, फेस्टी एकटा डाव्या पायानं खणायचा. लहानपणी त्यावरून त्याला पोरं चिडवायची.

डोंगराकडे निघताना हनोरानं सबीनाला दोन वेळा बजावलं. "कोणीही येऊ दे. फादर आले तरी निखारा द्यायचा नाही. कळलं?"

सबीना म्हणाली, "कळलं."

बाहेर धुकं होतं. दाट. समोरचं कोठारही दिसत नव्हतं.

सबीनानं राखेखालचे निखारे उकरले. त्या चुलीतला विस्तव तिच्या पणजोबानं पेटवला होता, तेव्हापासून तो विझला नव्हता. रोज झोपताना राखेत पुरायचा, रोज सकाळी उकरायचा.

कुत्रं दाराशी बसलं होतं.

ते उठलं... भुंकलं नाही. पोट जमिनीला घासत बाकाखाली शिरलं.

मग पावलं ऐकू आली.

एक पाऊल हलकं... एक जड.

हलकं... जड.

आमच्याकडे दाराला दोन फळ्या असतात, खालची आणि वरची. खालची बंद होती, वरची उघडी. सबीनानं मान वर केली तर त्या उघड्या चौकोनात कोणीतरी उभं होतं.

घराकडे पाठ करून.

खाकी कोट. पाण्यानं जड झालेला. पाठीवर चिखल थापलेला, पण तो चिखल पांढरा होता. खडूसारखा पांढरा. आमच्या गावात असली माती नाही. आमची माती काळी.

"एक निखारा दे गं," तो म्हणाला. आवाज घोगरा, खोल विहिरीतून यावा तसा. "हात गार पडलेत."

सबीनाच्या कानात आईचे शब्द होते. आणि ह्या दिवशी टेकडीखालचे ते लोक, ज्यांचं नाव आम्ही घेत नाही, ते माणसाचं रूप घेऊन मागायला येतात हे तिनं पाळण्यात असल्यापासून ऐकलं होतं.

"आज मे महिन्याचा पहिला दिवस," ती म्हणाली. "घरातून विस्तव जायचा नाही. उद्या या."

तो हलला नाही.

कोटाच्या कोपरावरून पाणी टपकत होतं. खाली दगडी फरशी. पण थेंब पडल्याचा आवाज येत नव्हता...

"घरातल्यालाही नाही?" त्यानं विचारलं.

हा प्रश्न सबीनाला साठ वर्षं झोपू देणार नव्हता. तेव्हा तिला फक्त भीती वाटली. आणि भीती वाटली की माणूस ठसक्यात बोलतो, आईसारखं बोलतो.

"घरातला असेल तो बाहेर उभा राहून मागत नाही."



मग तो म्हणाला, "बरं, चिमणे."

हलकं... जड. हलकं... जड. धुक्यात गेला.

जगात तिला चिमणी म्हणणारा एकच माणूस होता.

ती खालची फळी ढकलून बाहेर धावली. नावानं हाका मारल्या. धुक्यानं हाका गिळल्या. उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर बुटाचा एकच ठसा होता, डाव्या पायाचा. पांढऱ्या मातीचा.

तिनं तो ओल्या फडक्यानं पुसला.

कोणालाच सांगितलं नाही. का सांगेल? तिला वाटलं, फेस्टी पलटणीतून पळून आलाय. लपायला घर मागत होता. आणि आपण त्याला दारातून हाकललं. पकडला गेला तर गोळी घालतील. तिनं पदरात, म्हणजे एप्रनमध्ये, सोड्याचा पाव बांधला आणि दुपारभर कोठारं, गंज्या, दलदलीतले खड्डे धुंडाळले. फेस्टीला शोधून चुलीपाशी आणून बसवायचं. तिला दुसरं काहीही नको होतं.

कोणी सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दलदलीतून आवाज यायला लागला.

चप्प...

मग थोडा वेळ काही नाही.

चप्प...

ओली वीट गवतावर पडते तेव्हा असाच आवाज होतो. तो आवाज आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं.

ऑस्टिन आतून ओरडला, कोण कापतंय दलदलीतल्या आपल्या काठावर? हनोरा पाहून आली. गेव्हिनांच्या काठावर ताज्या कापलेल्या विटांच्या चार रांगा पसरलेल्या होत्या. माणूस कोणी नव्हता. विटांच्या डाव्या कडा धारदार होत्या, डाव्या पायाच्या फावड्यानं कापल्या की होतात तशा.

हनोराचा चेहरा उजळला. फेस्टी आलाय, म्हणाली, लाजतोय घरी यायला, गंमत करतोय.

सबीनानं आढ्याकडे पाहिलं.

फावडं जागेवर होतं. पात्यावर गंज. मुठीवर कोळ्याचं जाळं... अख्खं.

तिसऱ्या दिवशी आणखी विटा. चौथ्या दिवशी आणखी. गावात कुजबुज झाली. बार्टली कुंपणापाशी येऊन मोठ्यानं हसला. "राजा येऊन गेला वाटतं." नंतर तो म्हणायला लागला, गेव्हिनांची पोरगीच वेडी झालीय, चोरून खणते. सबीनाच्या हातांना फोड आहेत का ते बघायलासुद्धा त्यानं आपल्या बायकोला पाठवलं.

फोड नव्हते.

पाचव्या दिवशी भर दुपारी सबीना आवाजाच्या दिशेनं गेली. ऊन नव्हतं, पण लख्ख उजेड होता. काठाच्या खाली खड्ड्यात उभं राहून कापणारा दिसत नाही, फक्त वर फेकलेल्या विटा दिसतात. तशाच तिला त्या दिसल्या.

एक वीट वर आली. हवेत वळली. गवतावर पडली.

चप्प...

दुसरी आली.

तिसरी.

झेलणारं कोणी नव्हतं. खालून श्वासाचा आवाज नव्हता. कापताना माणूस हुंकारतो, थुंकतो, शिव्या देतो. फेस्टी तर शीळ घालायचा. इथे काहीच नाही. फक्त विटा.

कुंपणाजवळ कोणीतरी उभं होतं. बार्टली. त्याला तिला रंगेहाथ पकडायचं होतं. त्याच्या हातातली टोपी खाली पडली होती आणि ती उचलायचं त्याला भान नव्हतं.

"फेस्टी," सबीनानं हाक मारली.

वर आलेली वीट तिच्या पायाशी पडली.

आवाज थांबला.

ती काठापर्यंत गेली. वाकली. खाली पाहिलं...

कोणी नव्हतं. ओल्या मातीच्या भिंती. तळाशी पांढरा चिखल.

आणि तो खड्डा सरळ नव्हता.

हे नीट समजून घ्या. दलदलीचा काठ माणूस सरळ कापतो. दोरी धरल्यासारखा. वाकडं कापण्यात काही फायदा नाही, उलट मेहनत दुप्पट. पण हा खड्डा पाच पावलं सरळ जायचा, मग काटकोनात वळायचा, दोन पावलांनी पुन्हा वळायचा, पुन्हा पाच पावलं सरळ. आणि अरुंद. जेमतेम एक माणूस खांद्यांनी घासत जाईल इतकाच.

बार्टली तोवर निघून गेला होता. टोपी तिथेच टाकून. त्यानंतर त्याला हसताना कोणी पाहिलं नाही.

शेजारच्या गावात मायली काइन राहायचा. तोही त्याच पलटणीचा, गॅलिपोलीच्या लढाईत उजवा हात ठेवून आलेला. त्याच्याशीही कोणी बोलत नसे, त्यामुळे गेव्हिनांकडे यायला त्याला कोणाची भीती नव्हती. सबीनानं त्याला बोलावून आणलं.

मायली तोंडाळ माणूस. येता येता विनोद चालले होते, की एका हाताच्या माणसाला खणायला बोलावता म्हणजे तुमची फारच पंचाईत झालेली दिसते. काठावर आला आणि विनोद तिथेच तुटला.

वळणावळणानं काठावरून चालत गेला, परत आला.

"हा सरपणाचा खड्डा नाही," तो म्हणाला. "हा खंदक आहे. सरळ खणला तर एका तोफगोळ्यात सगळे जातात. म्हणून वळणं." मग त्यानं उरलेल्या हाताचं बोट लांब करून वळणांच्या रेषेवरून फिरवलं, दलदलीपासून सुरू करून इकडे, इकडे, आणि बोट घरापाशी थांबलं. "पोरी, हा तुमच्या दाराकडे चाललाय."

सबीनानं पावलं मोजली. खंदकाच्या टोकापासून उंबऱ्यापर्यंत सत्तर.

दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न.

मग एक्कावन्न.

मायली आणि ऑस्टिन यांनी, एकाला हात नाही आणि दुसऱ्याला धड पाय नाही, दिवसभर खपून टोकाचं वळण बुजवलं. सकाळी ते मोकळं होतं. आत टाकलेल्या सगळ्या विटा बाहेर होत्या, चार-चारच्या चवडीत उभ्या लावलेल्या. आणि वाळलेल्या. कडक. ओली वीट वाळायला आमच्याकडे पंधरा दिवस लागतात.

हनोरानं त्यातली एक चुलीत घातली. ज्योत आलीच नाही. पांढरा धूर आला, आणि वास मातीचा नव्हता... तापलेल्या लोखंडाचा होता. तिनं ती चिमट्यानं उचलून बाहेर फेकली.

आता हनोराही गंमत करतोय असं म्हणेना.

चौतीस पावलं.

वीस.

जेवताना आवाज यायचा. चप्प... आणि बटाटा हातात तसाच राहायचा. सबीना म्हणायची, सगळ्यात वाईट आवाज नव्हता. आवाज थांबायचा ते वाईट. कारण मग वाटायचं, आता तो ऐकतोय.

चौदा मे, सोमवारी कागद आला. छापील. मोकळ्या जागी शाईनं नाव भरलेलं. शिपाई फेस्टस गेव्हिन, २८ एप्रिल रोजी फ्रान्समध्ये कामी आला. तोफगोळ्यानं खंदक कोसळला. प्रेत मिळालं नाही.

अठ्ठावीस एप्रिल.

सबीनानं बोटांवर मोजलं. फ्रान्सहून मेयोला यायला त्याला तीन दिवस लागले होते.

प्रेत नाही तर पुरणार काय? पण हनोरा म्हणाली, जागर तर होईल. आमच्याकडे मेलेल्याला एकटं सोडत नाहीत. सगळं गाव बसतं, चिलमी ओढतं, त्याच्या गोष्टी सांगतं, बायका मोठ्यानं रडतात. त्याशिवाय मेलेल्याला आपण मेलोय हे कळत नाही, असं जुनी माणसं म्हणतात.

मंगळवारी संध्याकाळी हनोरानं टेबलावर पांढरी चादर घातली. चादरीवर फेस्टीची रविवारची टोपी ठेवली. बशीत तंबाखू, बाजूला पन्नास मातीच्या चिलमी. पन्नास. तिला वाटलं, मेल्यावर तरी येतील.

मायली आला.

बस्स.

सात वाजले. आठ वाजले. मे महिन्यात आमच्याकडे रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो. त्या उजेडात कुंपणापलीकडच्या सगळ्या घरांचा धूर दिसत होता. घरात माणसं होती. चुली पेटलेल्या होत्या. कोणाचंही दार उघडलं नाही. एकोणपन्नास चिलमी बशीभोवती तशाच पडून होत्या.

त्या गावातल्या लोकांची नातवंडं आजही मला रविवारी प्रार्थनेनंतर हात मिळवतात. मी मिळवतो. पण मला ती चिलमींची बशी आठवते.

आणि बाहेर...

चप्प...

चप्प...

सबीनाला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. धुकं, पांढरी माती, निखारा, आणि ती काय बोलली ते. सांगताना ती आईकडे बघू शकली नाही. आता आई आपल्याला मारेल, असं तिला वाटलं. मारलं तर बरं, असंही वाटलं.

हनोरा चुलीकडे बघत राहिली.

"नियम माझा होता," ती म्हणाली. "तू फक्त पाळलास."

मग तिनं चिमटा उचलून सबीनाच्या हातात दिला.

आवाज थांबला.

ऑस्टिन दारापाशी जाऊन बघून आला. त्यानं किती पावलं ते सांगितलं. अकरा.

सबीनानं चुलीतला सगळ्यात मोठा, सगळ्यात लाल निखारा काढला. लोखंडी भांड्यात ठेवला. उंबरा ओलांडला. कुत्रं बाकाखाली रडल्यासारखं करत होतं.

एक. दोन. तीन.

भांडं गरम होतं. हात मात्र गार पडत चालले होते.

नऊ. दहा. अकरा.

खंदकाच्या टोकाला ती उभी राहिली. खाली पाहिलं. पहिलं वळण तीन पावलांवर होतं, त्यापलीकडचं दिसत नव्हतं. पण वळणापलीकडे भिंतीला कापड घासल्याचा आवाज आला... जड, ओलं कापड.

"फेस्टी," ती म्हणाली. "विस्तव आणलाय. घे."

काही नाही.

"घरात ये. सगळे वाट बघतायत."

सगळे. ती खोटं बोलली. पन्नास चिलमींत एकच पेटली होती.

काही नाही.

तेव्हा तिला आठवलं, दारात तो पाठ करून उभा होता. त्याला तोंड दाखवायचं नसेल. तोंड असेल की नाही कोण जाणे. तिनं भांडं काठावर ठेवलं, दांडी हातात धरून ठेवली, आणि पाठ केली.

हलकं... जड.

हलकं... जड.

अगदी मागे. गळ्याच्या मागच्या केसांवर थंड वारा लागला, आणि त्याला पांढऱ्या मातीचा वास होता, तळघरासारखा. हातातलं भांडं हललं.

मग तंबाखूचा वास आला. एक लांब श्वास... माणूस दिवसभर राबून पहिला झुरका घेतो तसा.

"विझू देऊ नकोस, चिमणे."

"नाही विझू देणार," सबीना म्हणाली.

तिनं वळून पाहिलं तेव्हा भांडं रिकामं होतं. राखसुद्धा नाही. आणि लोखंडाची दांडी इतकी थंड की तळहाताला चिकटली. सोडवताना कातडी गेली. तो आडवा पांढरा पट्टा मी स्वतः पाहिलाय, बोट फिरवून पाहिलंय. शेवटपर्यंत तेवढा भाग थंडच होता.

दुसऱ्या दिवशी मोजलं. अकरा.

त्यानंतर कायम अकरा.

सबीनाला दोन स्थळं आली. एक चांगलं होतं, गॉलवे शहरातला दुकानदार. तिनं दोन्ही नाकारली. कारण कोणालाच सांगितलं नाही, पण कारण चुलीत होतं. ती गेली तर विस्तव कोण राखणार? बासष्ट वर्षं ती ह्या घरातून एक रात्रही बाहेर राहिली नाही. भावाच्या दारात निखारा नाकारला त्याची ही शिक्षा. आणि ज्यांनी जागराला पाठ फिरवली त्यांना कसली शिक्षा झाली, ते मला कोणी सांगावं. पुढे गावात लढलेल्यांच्या नावांचा दगड बसला. त्यावर फेस्टीचं नाव नाही. मी गावच्या बैठकीत विचारलं होतं. तो आपला नव्हता, म्हणाले. मी म्हटलं, मग स्टेशनवर कोणी सोडला होता? बैठक संपली.

सबीना १९७९ मध्ये गेली. घर माझ्या नावावर केलं, आणि विस्तवही.

मी पंधरा वर्षं राखला. रोज झोपताना राखेत पुरला, रोज सकाळी उकरला. मग थकलो. गुडघे गेले. घरात तेलाचा हीटर बसवला. ऑक्टोबर १९९४. त्या रात्री मी निखारे पुरले नाहीत. दुसऱ्या दिवशी चूल थंड होती. मी स्वतःला म्हटलं, म्हातारीच्या गोष्टी.

पुढच्या मे महिन्यात सहज मोजलं.

दहा.

माती ढासळते, म्हटलं. पावसानं कडा पडतात. मी आयुष्यभर खणलंय, मला कळतं. पण ढासळलेली कडा ओबडधोबड असते. ही कापलेली होती. डाव्या बाजूनं धारदार.

बुजवायला मशीनवाला आणला. पहिल्या दिवशी त्यानं काम केलं. दुसऱ्या दिवशी आला, खाली उतरला, टोकापर्यंत गेला, आणि मशीन तिथेच टाकून पायी घरी गेला. मशीन न्यायला त्याचा भाऊ आला. काय पाहिलं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मधली काही वर्षं काहीच झालं नाही. काही वर्षं एक पाऊल. एकदा दोन.

ह्या वर्षी तीन उरली आहेत.

आज तीस एप्रिल. उद्या सकाळी मे महिन्याचा पहिला दिवस.

मी आज दुपारी चूल झाडली. विटा रचल्या. विस्तव पेटवला. आत्ता समोर जळतोय, छान लाल आहे. उद्या सकाळी दाराची वरची फळी मी उघडी ठेवणार आहे. नियम गेला खड्ड्यात. त्यानं मागितला की देणार.

पण हा विस्तव काडेपेटीचा आहे.

सबीनाच्या पणजोबानं पेटवलेला नाही. सबीनानं बासष्ट वर्षं राखेत झाकलेला नाही. तो मी विझवला. आणि तो माणूस त्या चुलीपाशी वाढलाय. घरातला विस्तव कोणता आणि परका कोणता, हे त्याला कळणार नाही असं मला कितीही वाटून घ्यायचं असलं...

माझं कुत्रं आत्ताच दारापासून उठलं.

भुंकलं नाही.